तिसऱ्या फ्रेटवरची खरखर

“थांबा, थांबा, थांबा!” स्टोअरकीपरने गिटारच्या तारांवर पंजा दाबला आणि गाणं चौथ्यांदा त्याच ओळीवर अडलं. “परत आली. ऐकलीत ना सगळ्यांनी? खर्रर्र!”

सगळ्यांनी ऐकली होती, आणि सगळ्यांनी माना वळवून एकाच दिशेला पाहिलंही होतं. त्या दिशेला, भिंतीला पाठ लावून, गळ्यात बास गिटार अडकवून, कानसेन अपराधी चेहऱ्याने उभे होते.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, लिफ्टमधले आवाज शोधायचे. लिफ्टमध्ये उभं राहायचं, डोळे मिटायचे, खालपासून वरपर्यंत एकदा जायचं आणि सांगायचं, “चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, डाव्या रुळाचा नट ढिला आहे.” नट ढिला निघायचाच. एकदा तर त्यांनी फोनवर आवाज ऐकून सांगितलं होतं की लिफ्टला काही झालेलं नाही, आत उभ्या असलेल्या बाईंच्या पर्समध्ये किल्ल्या आहेत. अशा माणसाच्या स्वतःच्या बास गिटारमधून खरखर यावी आणि ती कुठून येते हे त्यालाच कळू नये, याच्यासारखी नामुष्की नव्हती.

कंपनीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी कंपनीच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि त्यात कर्मचाऱ्यांचा बँड चार गाणी वाजवणार होता. बँडमध्ये माणसं पाच. गिटारवर स्टोअरकीपर, गायला रिसेप्शनच्या ताई, कीबोर्डवर नकाशे काढणारा ड्रॉइंगवाला, बासवर कानसेन आणि ड्रमवर साक्षात साहेब. सर्व्हिस विभाग साहेबांच्या हाताखाली होता, म्हणजे कानसेनही होते. सरावाच्या खोलीत साहेबांचे ड्रम एका लाकडी चौथऱ्यावर मांडलेले असत, त्यामुळे साहेब बसलेले असतानाही उभ्या असलेल्यांपेक्षा उंच दिसत.

गोंधळ पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत होता. त्या ओळीला ड्रम थांबायचे, गिटार थांबायची, कीबोर्ड थांबायचा. उरायचा फक्त ताईंचा आवाज आणि त्याच्याखाली बासचे सावकाश, जाडजूड चार सूर. त्यातला दुसरा सूर सगळ्यात जाड तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर वाजायचा. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्या तिसऱ्या पट्टीशी बोट टेकून तार छेडली की सूर निघायचा आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी पत्र्याच्या डब्यात वाळू हलवावी तशी ती खरखर.

“पुन्हा वाजवा बघू,” साहेबांनी काठ्या मांडीवर ठेवून फर्मावलं.

कानसेनांनी वाजवलं. खर्रर्र.

“आली,” साहेब म्हणाले. “अगदी स्पष्ट. मला तर इथे फारच मोठ्याने ऐकू येते.”

“मला तुमच्याइतकी नाही येत साहेब, पण येते,” ताई म्हणाल्या.

कानसेनांनी मान वाकवून बासच्या लाकडाला कान लावला आणि पुन्हा तोच सूर वाजवला. कान लाकडाला लावला की लाकूडच इतकं घुमायचं की बाकी काही कळेनासं व्हायचं. “इथून येते असं नक्की सांगता येत नाही,” ते चाचरत म्हणाले.

“तुम्हाला सांगता येत नाही?” स्टोअरकीपर म्हणाला. “अहो, तुम्ही कानसेन ना?”

साहेबांनी घसा साफ केला. बँडमध्ये ते नुसते ड्रमर होते, पण घसा तोच होता. “पुढच्या गुरुवारपर्यंत बंदोबस्त करा. नाहीतर मग बास ड्रॉइंगवाला कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवील. कार्यक्रमाला मालक येणारेत. त्यांच्यासमोर सर्व्हिस विभागाच्या माणसाकडून खरखर नको.”

बावीस वर्षं त्यांची लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, रुळांमध्ये, लिफ्टच्या डोक्यावर उकिडवं बसून गेली होती. लिफ्ट नीट चालली की त्यांची आठवणही कुणाला येत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बास हातात घेतली तीसुद्धा याच कारणासाठी, की या वाद्याचं काम आपल्यासारखंच आहे, खाली राहून सगळ्यांना वर धरायचं. पण त्या शनिवारी मात्र ते चारचौघांच्या समोर उजेडात उभे राहणार होते, आणि परगावी शिकणारी त्यांची लेक खास तेवढ्यासाठी येणार होती. त्यांना ते स्टेज हवं होतं. अगदी लहान मुलासारखं हवं होतं.

घरी आल्याबरोबर त्यांनी बास छोट्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरला, जोडली आणि तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं. सूर स्वच्छ. पुन्हा वाजवला. आवाज वाढवला. बेडरूममध्ये, हॉलमध्ये, बाथरूमच्या दारात उभं राहून वाजवलं. खरखरीचा पत्ता नाही.

“अहो, काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“खरखर शोधतोय.”

“कुठेय?”

“तेच तर, इथे येत नाहीये.”

“मग नका ना शोधू. नाही येत तर चांगलंच आहे की!”

“तिथे येते. इथे येत नाही. तार तीच, बोट तेच, फ्रेट तीच. मग ती जाते कुठे?”

“सासरी जात असेल,” बायको म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी ते वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने बास आडवी धरून एक डोळा मिटला आणि मानेवरून नेम धरल्यासारखं पाहिलं. “तारा फार खाली आहेत,” तो म्हणाला. “सरावाला माणूस जोरात वाजवतो, बरोबर? जोरात वाजवली की तार जास्त थरथरते आणि फ्रेटवर आपटते. घरी तुम्ही भीतभीत वाजवता, म्हणून आपटत नाही.”

हे कानसेनांना पटलं. बायको टीव्ही बघत असताना ते भीतभीतच वाजवत. दुकानदाराने ज्या घोडीवर तारा टेकतात ती उंच करून दिली, वर जाड्या तारा चढवल्या. आता सूर दाबायचा म्हणजे अंगठा आणि बोट यांच्यामध्ये अक्रोड फोडण्याइतका जोर लागत होता. पण दुकानात खरखर आली नाही. ती तशी आधीही आली नव्हती, पण हा विचार कानसेनांच्या मनात रस्ता ओलांडल्यावर आला.

संध्याकाळी सरावाला दुसरी ओळ आली. ताईंनी सूर लावला. कानसेनांनी दात-ओठ खाऊन तिसऱ्या फ्रेटवर बोट दाबलं.

खर्रर्र.

“आज जास्त आहे,” साहेब म्हणाले.

मग कानसेन मास्तरांकडे गेले. मास्तरांनी त्यांना दोन वर्षं बास शिकवली होती आणि त्या दोन वर्षांत एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. त्यांनी बासला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“तारा कुणी चढवल्या एवढ्या? यांच्याखाली मांजर झोपेल!”

“दुकानदार म्हणाला...”

“दुकानदाराला विकायचं असतं. दोष तारांत नाही, हातात आहे. वाजवून दाखवा.” कानसेनांनी वाजवून दाखवलं. “हं! तार छेडताय का लिफ्ट ओढताय? बोटाने तारेला नुसतं विचारायचं, काय गं, येतेस का? ती येते. जोर करायचं काम अँपचं. तुम्ही हलक्या हाताने वाजवा, अँपचा आवाज वाढवा. आणि बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवा, मध्ये नको.”

हेही कानसेनांना पटलं. त्यांचा स्वभावच असा होता की समोरचा माणूस ठामपणे बोलला की त्यांना पटायचं, आणि त्या आठवड्यात त्यांना भेटलेला प्रत्येक माणूस ठामपणे बोलत होता. दोन दिवस ते जेवणाच्या टेबलावर, लिफ्टच्या छपरावर, गाडीच्या स्टिअरिंगवर दोन बोटांनी हळूच विचारत राहिले. काय गं, येतेस का? शेजारी बसलेल्या मेकॅनिकने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

सरावाला त्यांनी इतक्या हळुवारपणे तार छेडली की स्टोअरकीपरला ते वाजवत आहेत की नाही हेच कळेना.

“बास ऐकू येत नाही,” तो म्हणाला.

“अँप वाढवतो.” कानसेनांनी अँपचा आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. तिसरी फ्रेट आली. खिडकीची काच हलण्याइतका गोल, गुबगुबीत सूर निघाला आणि त्याच्या पाठोपाठ, इमानदारीने, खर्रर्र.

“बास ऐकू येत नव्हती तेव्हा निदान खरखरही ऐकू येत नव्हती,” ड्रॉइंगवाला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. डाव्या हाताने बास वाजवायची त्याला मुळीच हौस नव्हती, उजव्या हातालाच त्याचं काम पुरत होतं.

सोमवारी कानसेन तंतुवाद्यांची दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेले. काकांच्या कामाच्या टेबलावर चार-पाच वाद्यं मान सोडून पडली होती आणि काका एकेकाची मान तपासत होते, डॉक्टर तपासतात तशी. त्यांनी कानसेनांची हकिगत ऐकली, दुकानदाराचं नाव काढताच हसले, मास्तरांचं नाव काढताच आणखी हसले.

“मानेत सळई असते, माहितीय?” काकांनी विचारलं. “तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे ओढते. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं की मान नीट राहते. पार सरळसुद्धा नको, अगदी कणभर पुढे झुकलेली हवी. तुम्ही तिथे एसीत वाजवता ना? एसीत लाकूड सुकतं, मान मागे जाते, तार फ्रेटला लागते. घरी एसी आहे?”

“नाही.”

“मग! सापडला चोर.”

कानसेनांना हे इतकं पटलं की त्यांना भरून आलं. काकांनी मानेच्या टोकाच्या भोकात किल्ली घातली, पाव फेरा ढिली केली, “फक्त पाव, याच्यापुढे हात लावायचा नाही,” अशी तंबी दिली आणि बास परत दिली.

मंगळवारच्या सरावाला चमत्कार झाला. साहेब येताना हेड ऑफिसची फाइल घेऊन आले होते आणि सराव सुरू व्हायच्या आधी ती समोरच्या ड्रमवर ठेवून सह्या करत बसले होते. “तुम्ही तुमची ती ओळ तपासून घ्या, माझं चालू दे,” ते म्हणाले. कानसेनांनी श्वास रोखून तिसऱ्या फ्रेटवरचा सूर वाजवला.

काहीच नाही. नुसता सूर.

पुन्हा वाजवला. पुन्हा नुसता सूर. ताईंनी टाळ्या वाजवल्या. स्टोअरकीपरने येऊन पाठीवर थाप मारली. “जिंकलात कानसेन!” कानसेनांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथल्या तिथे लेकीला मेसेज केला, “शनिवारी पुढच्या रांगेत बस.”

साहेबांनी सह्या संपवल्या, फाइल उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवली, काठ्या घेतल्या. “चला, सुरुवातीपासून.”

पहिली ओळ झाली. दुसरी ओळ आली. ड्रम थांबले.

खर्रर्र.

ड्रॉइंगवाल्याने मान खाली घातली. कानसेन आपल्या बोटाकडे बघत राहिले. तेच बोट, तीच तार, तीच फ्रेट, तोच एसी, आणि मध्ये गेली असतील नसतील पाच मिनिटं. पाच मिनिटांत लाकूड किती सुकतं?

बुधवारी त्यांनी वही काढली आणि लिफ्टसाठी करायचे तसा तक्ता मांडला. जागा, वेळ, बोट, जोर, हवा, तारेची उंची. घर: नाही. दुकान: नाही. मास्तर: नाही. काका: नाही. सराव: आहे, आहे, आहे, मग नाही, मग आहे. तक्ता त्यांनी बायकोला दाखवला.

“यावरून काय दिसतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला झोपेची गरज आहे असं दिसतं,” बायको म्हणाली. मग तिने तक्ता पुन्हा पाहिला. “जिथे जिथे नाही तिथे तुम्ही एकटेच वाजवताय. माणसं असली की येते. घाबरता का तुम्ही?”

कानसेन विचारात पडले. हेही पटण्यासारखं होतं.

गुरुवारच्या सरावाला ते घाबरायचं नाही असं ठरवून गेले, आणि न घाबरता वाजवलेल्या सुरामागोमाग खरखर आली तेव्हा साहेबांनी काठ्या खाली ठेवल्या. “कानसेन, तुम्ही मनापासून प्रयत्न केलात,” ते म्हणाले. साहेब कौतुकाने बोलायला लागले की बदलीची ऑर्डर निघाली असं समजायचं, हे सर्व्हिस विभागाला ठाऊक होतं. “शनिवारी तुम्ही पहिल्या रांगेत बसा. आमच्या मागे उभं राहण्यापेक्षा तिथून छान दिसेल.”

लेकीला हे कळवायला हवं होतं. कानसेनांनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. ती म्हणाली असती, असू दे बाबा, आणि ते ‘असू दे’ त्यांना ऐकवलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बासला निदान पहिल्यासारखं करायचं ठरवलं. जाड तारांनी बोटांना फोड आले होते, म्हणून त्या काढून सगळ्यात बारीक तारा चढवल्या. घोडी खाली आणली, थोडी, मग आणखी थोडी. मग काकांची तंबी आठवत असूनही मानेतली सळई आवळायला घेतली. काकांनी पाव फेरा ढिली केली होती, म्हणजे पाव आवळायची. पण मधल्या काळात आपणही एकदा अर्धा फेरा दिला होता का? कुठल्या बाजूला? त्यांनी वही पाहिली. वहीत बुधवारच्या रकान्यात बाण काढलेला होता आणि लिफ्टच्या पद्धतीने बाणाचा अर्थ ‘वर’ असा होता. सळईला वर म्हणजे काय?

“अहो, जेवायला चला, निवतंय!” बायकोने हाक मारली.

“आलो!” म्हणत त्यांनी किल्ली फिरवली, आणि किती फिरवली ते ‘आलो’ म्हणण्याच्या नादात मोजायचं राहिलं. तारा सुरात लावून त्यांनी बास केसमध्ये ठेवली. वाजवून बघायची इच्छा उरली नव्हती.

शनिवारी निघताना केस त्यांच्या खांद्यावर होती.

“ही कशाला?” बायकोने विचारलं.

“लेक थेट हॉलवर येणार आहे. रिकाम्या हाताने गेलो तर दारातच विचारील.”

बायकोने त्यांची कॉलर सरळ केली.

लेक दारातच भेटली. “बाबा, तू अजून इथे? आत जा ना, तयारी नाही का करायची?”

“आमचं नंतर आहे,” कानसेन म्हणाले. हे खोटं फार वेळ टिकणारं नव्हतं, कारण पाच मिनिटांनी पडदा उघडला आणि स्टेजवर बँडची चार माणसं दिसली. उजवीकडे, जिथे बासवाला उभा राहायचा, तिथे एक मोकळी जागा सोडलेली होती आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिथे कुंडी ठेवली होती.

लेकीने स्टेजकडे पाहिलं, मग बाबांच्या मांडीवरच्या केसकडे. “बाबा?”

“खरखर येते,” कानसेन हळूच म्हणाले. “माझ्यामुळे. म्हणून ड्रॉइंगवाला वाजवतोय.” एवढं ऐकून लेकीने त्यांचा फोड आलेला हात हातात घेतला. ‘असू दे’ ती म्हणाली नाही. कानसेनांना त्याचं फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ झकास गेली. दुसरी ओळ आली. ड्रम थांबले, गिटार थांबली, ताईंनी सूर लावला, ड्रॉइंगवाल्याने डाव्या हाताच्या करंगळीने बासचा पहिला सूर दिला, मग दुसरा.

खर्रर्र.

स्टेजवरच्या चौघांनीही झटक्यात माना वळवल्या आणि कुंडीकडे रागाने पाहिलं.

कुंडी निमूट उभी होती. चौघं तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, एकेक करून, त्यांच्या नजरा स्टेजवरून खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत कानसेनांवर येऊन थांबल्या. कानसेनांनी दोन्ही हात वर केले. हात रिकामे होते.

गाणं बंद पडलं. “ए, हे मी नाही केलं हं,” ड्रॉइंगवाला माइकमध्ये म्हणाला आणि खात्रीसाठी पुन्हा तोच सूर दाबला. खर्रर्र. मालक पुढे झुकले. लोक कुजबुजायला लागले.

कानसेनांना पहिली दोन मिनिटं नुसता आनंदच झाला. तो इतका झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मग बावीस वर्षांची सवय जागी झाली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच बास त्यांच्या गळ्यात नव्हती, कान लाकडाला नव्हता आणि अपराध डोक्यावर नव्हता. “पुन्हा वाजव,” ते मोठ्याने म्हणाले. खर्रर्र. “अजून एकदा.” खर्रर्र.

डोळे उघडून ते उठले आणि कंप्लेंटवर निघाल्यासारखे पायऱ्या चढून सरळ साहेबांच्या चौथऱ्याशी गेले. साहेबांच्या पुढ्यातल्या चपट्या ड्रमशी ते गुडघ्यावर बसले. त्या ड्रमच्या पोटाखाली बारीक स्प्रिंगसारख्या तारांची एक पट्टी ताणलेली असते. ड्रम वाजवला की ती कातड्यावर थडथडते, आणि म्हणूनच त्याचा आवाज असा कुरकुरीत येतो.

“काय करताय?” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“एक मिनिट साहेब.” कानसेनांनी पट्टीवर तळहात ठेवला. “वाजव रे.”

सूर निघाला. नुसता सूर.

त्यांनी हात काढला. “वाजव.”

खर्रर्र.

सभागृहात हशा पिकला. मालकच सगळ्यात मोठ्याने हसले. बासच्या त्या एका सुराला साहेबांचा ड्रम, कुणी हात न लावता, आपणहून साथ देत होता. मंगळवारी फाइलखाली दबला होता तेवढा वेळ गप्प बसला. ड्रम तर तेव्हा थांबलेले असत, साहेब काठ्या मांडीवर घेऊन बसलेले असत आणि त्या खोलीतला कुठलाही दोष साहेबांच्या दिशेने येत असेल हे कुणाच्या मनालाही शिवलं नव्हतं. कानसेनांच्याही नाही. त्या कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या ते मनाला शिवणं शक्यच नव्हतं.

“म्हणजे ही सगळी खरखर माझ्याकडून होती?” साहेबांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“ड्रमकडून, साहेब.” कानसेनांनी खिशातून छोटा पाना काढून ड्रमचे दोन स्क्रू आवळले. “आता बरीच कमी होईल. अगदीच जाईल असं नाही सांगता येत. हा सूर आणि हा ड्रम यांचं जुळतं, त्याला आपण काय करणार?”

“कानसेन, बास आणलीय ना?” स्टोअरकीपरने विचारलं. “अहो, मग चढवा ना गळ्यात! माफ करा आम्हाला.” ड्रॉइंगवाल्याने डावा हात मांडीवर घेऊन चोळायलाही सुरुवात केली. ताईंनी कुंडी उचलून मागे नेली. लेक केस घेऊन धावतच स्टेजपाशी आली आणि परत जाताना तिने फोन काढून समोर धरला.

गाणं पुन्हा सुरू झालं. उजेड डोळ्यांवर येत होता, समोर लेक होती, तिच्या शेजारी बायको होती आणि कानसेनांना वाटलं की आपल्याला रडू येणार. पहिली ओळ गेली. साहेबांनी ड्रम थांबवले आणि खबरदारी म्हणून दोन्ही तळहात त्या चपट्या ड्रमवर गच्च दाबून धरले. ताईंनी सूर लावला. कानसेनांनी तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं आणि तारेला हलकेच विचारलं.

खर्रर्र.

ही मात्र वेगळी होती. ही त्यांना नुसती ऐकू आली नाही, डाव्या पंजातून कोपरापर्यंत जाणवली. बारीक तारा, खाली आणलेली घोडी आणि ‘आलो’ म्हणताना आवळली गेलेली सळई या तिघांनी मिळून मान पार मागे नेली होती आणि तार फ्रेटवर उघड उघड आपटत होती. दहा-बारा दिवस सगळे ज्या खरखरीचा आरोप करत होते, ती आता खरोखर त्यांच्या बासमधून येत होती.

सगळ्यांनी झटक्यात माना वळवल्या आणि साहेबांकडे पाहिलं.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी ड्रम आणखी जोरात दाबला. पुढचा सूर आला, खर्रर्र. साहेबांनी वाकून ड्रमच्या खाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं. त्यांना काहीच उमगत नव्हतं. मालकांसमोर, अख्ख्या कंपनीसमोर, ते हळूच एक गुडघाही ड्रमला लावून बसले.

खरं सांगून टाकावं असं कानसेनांच्या अगदी जिभेवर आलं. पण गाणं चालू होतं, लेकीचा फोन चालू होता आणि अजून एक सूर वाजवायचा होता. त्यांनीही इतरांसारखीच मान वळवून साहेबांकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने डोळ्यांनीच खूण केली, असू दे साहेब, होतं असं.